मिळालेले येणे परत मागण्याआधी : नादारी मंडळास आणि लिक्विडेटर-आरपींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ,
तसेच नादारी प्रक्रियेत काम करणारे सर्व रिझोल्यूशन प्रोफेशनल (आरपी, म्हणजे नादारीत गेलेल्या कंपनीची प्रक्रिया चालवणारे) आणि लिक्विडेटर (कंपनी गुंडाळून तिच्या मालमत्तेचे वाटप करणारे) यांस,

सविनय नमस्कार.

मी लहान पुरवठादारांचे हिशेब सांभाळणारा माणूस आहे. खोकी बनवणारे, छपाई करणारे, सुटे भाग पुरवणारे, जॉबवर्क करणारे, मालवाहतूक करणारे अशा लोकांची पुस्तके गेली 22 वर्षे माझ्या टेबलावर येत आहेत. नादारी व दिवाळखोरी संहिता 2016 साली आली आणि त्याच वर्षीच्या 1 डिसेंबरपासून कंपन्यांच्या नादारीच्या, म्हणजे देणी फेडता न येण्याच्या, तरतुदी लागू झाल्या, तेव्हा या सगळ्यांना बरे वाटले होते. थकवणाऱ्या कंपनीला जाब विचारणारी एक जागा मिळाली, असे आम्हाला वाटले. त्याच संहितेखाली आपल्यालाच पत्र येईल आणि कष्टाने वसूल झालेली उधारी परत मागितली जाईल, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

अशी पत्रे आता येतात. मजकूर साधारण सारखाच असतो. अमुक कंपनीची नादारी प्रक्रिया सुरू झाली आहे, व्यवहारांच्या लेखापरीक्षणात असे दिसून आले आहे की आपणास खालील रकमा प्राधान्याने देण्यात आल्या, सबब पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत त्या व्याजासह जमा कराव्यात, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल. खाली तारखा आणि रकमांचा तक्ता असतो. पत्र घेऊन आलेला माणूस खुर्चीवर बसण्याआधीच विचारतो, "साहेब, मी माल दिला, बिल दिलं, पैसे मिळाले तेही चार महिन्यांनी. यात माझं चुकलं कुठे?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक वेळा त्याचे काहीही चुकलेले नसते, आणि तरीही कायद्यानुसार त्याच्याकडून पैसे परत मागितले जाऊ शकतात. हे दोन्ही एकाच वेळी खरे असल्यामुळे मागणी करणाऱ्यावरची जबाबदारी वाढते. मला आपल्याला एवढेच सांगायचे आहे की परतीची मागणी करण्याआधी ती कलमाच्या प्रत्येक अटीवर घासून पाहिली जावी, पुरवठादाराचा जो बचाव आपल्यासमोरच्या कागदांतच दिसतो तो आधी विचारात घेतला जावा, आणि पैसे परत घेतले तर त्याचे मूळ येणेही त्याला खऱ्या अर्थाने परत मिळावे.

आधी कायद्याची बाजू मांडतो, कारण ती मला मान्य आहे. बुडत्या कंपनीचा संचालक शेवटच्या महिन्यांत कोणाचे पैसे द्यायचे आणि कोणाचे थकवायचे हे स्वतःच्या मर्जीने ठरवतो. मेहुण्याच्या कंपनीचे कर्ज फिटते; ज्या बँकेला त्याने वैयक्तिक हमी दिली आहे तिचे खाते नियमित होते; आणि कामगारांचे पगार, बाकीच्यांची बिले तशीच राहतात. पैसा सर्वांना पुरणार नाही हे दिसत असताना एकाला भरपेट आणि बाकीच्यांना उपाशी ठेवणे अन्यायाचे आहे. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 1768 साली एका खटल्यात हे तत्त्व मांडले, आणि तेव्हापासून ते निरनिराळ्या रूपांत जगभरच्या कायद्यांत आले आहे. धनकोंमध्ये, म्हणजे येणे असणाऱ्यांमध्ये, समानता असावी, या तत्त्वाशी माझे भांडण नाही. ज्याच्या हातात कसलीच निवड नव्हती, अशा माणसावर ते तत्त्व डोळे झाकून चालवले जाते तेव्हा माझी तक्रार सुरू होते.

संहितेतल्या कलम 43 ची, म्हणजे एखाद्याला प्राधान्याने दिलेले पैसे परत घेण्याच्या कलमाची, रचना पाहा. कंपनीच्या मालमत्तेचे हस्तांतरण झालेले असले पाहिजे आणि मालमत्तेत पैसाही येतो. ते आधीपासून असलेल्या देण्यापोटी झालेले असले पाहिजे. त्यामुळे तो धनको कलम 53 च्या क्रमानुसार (कंपनी गुंडाळताना कोणाला आधी पैसे द्यायचे त्या रांगेनुसार) वाटप झाले असते तर जिथे असता, त्यापेक्षा चांगल्या स्थितीत गेलेला असला पाहिजे. आणि हे सारे ठरावीक मुदतीत घडलेले असले पाहिजे: संबंधित पक्ष (संचालक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या कंपन्या असे कोणी) असेल तर नादारी प्रक्रिया सुरू होण्याआधीची दोन वर्षे, इतरांसाठी एक वर्ष. मुदत मोजायची ती प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतल्याच्या तारखेपासून. या अटी पुऱ्या झाल्या तरी कंपनीच्या आणि घेणाऱ्याच्या नेहमीच्या व्यवहारक्रमात झालेले हस्तांतरण वगळलेले आहे. माझ्यासमोर आलेल्या पत्रांपैकी एकातही या अटी एकेक करून तपासल्याचे दिसलेले नाही. तक्ता असतो आणि त्याखाली बेरीज असते.

एक प्रकरण जरा जवळून सांगतो, कारण आकड्यांशिवाय यातला अन्याय दिसत नाही. माझ्याकडे येणारा एक गृहस्थ पुठ्ठ्याची खोकी बनवतो. एका मध्यम आकाराच्या कंपनीला तो नऊ वर्षे खोकी पुरवत होता. कंपनी नादारीत गेल्यावर त्याला पत्र आले, त्यात 16 रकमा होत्या. खातेउतारा उघडून बसलो तेव्हा पहिल्या दोन रकमा एक वर्षाच्या मुदतीबाहेरच्या निघाल्या. त्याचा कंपनीशी खरेदी-विक्रीपलीकडे कसलाही संबंध नव्हता, त्यामुळे दोन वर्षांची मुदत त्याला लागूच होत नव्हती. कॅलेंडर समोर ठेवले असते तर ही चूक पाच मिनिटांत सापडली असती. आणखी एक रक्कम एका वेगळ्या ऑर्डरची आगाऊ रक्कम होती. प्रोफॉर्मा बिलावर पैसे आले आणि माल त्यानंतर 11 दिवसांनी गेला. ज्या मालाचे देणे अजून निर्माणच झालेले नाही त्याचे आगाऊ पैसे "आधीच्या देण्यापोटी" कसे ठरतील?

पण खरा प्रश्न उरलेल्या हिशेबाचा होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीकडे त्याचे 9,20,000 रुपये येणे होते. वर्षभरात त्याने 26,30,000 रुपयांचा माल दिला. वर्षभरात मुदतीच्या आतल्या 14 हप्त्यांत त्याला 24,10,000 रुपये मिळाले. प्रक्रिया सुरू झाली त्या दिवशी त्याचे येणे 11,40,000 रुपये होते. म्हणजे ज्या वर्षात त्याला "प्राधान्य" मिळाले असे पत्र म्हणते, त्या वर्षात त्याची थकबाकी 2,20,000 रुपयांनी वाढली होती. प्रत्येक हप्ता आला तेव्हा तो पाहून त्याने पुढची गाडी भरली. हप्ता आला नसता तर गाडी गेली नसती, आणि त्या खोक्यांत भरून जो माल कंपनीने विकला, तोही विकला गेला नसता. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक चलनाची पोच आहे, तिच्यावर गेटचा गोल शिक्का आहे आणि आवक घेणाऱ्याची निळ्या शाईतली सही आहे. या वर्षभरात कंपनीची मालमत्ता त्याच्यामुळे कमी झाली की वाढली, हे त्या चलनांच्या गठ्ठ्यावरून कोणालाही सांगता येईल.

पत्रातली मागणी पूर्ण केली तर त्याचा अर्थ असा होईल, की त्याने 26,30,000 रुपयांचा माल दिला आणि त्या वर्षात त्याला काहीच मिळाले नाही. बाकीच्या धनकोंना मात्र त्याच्या मालातून तयार झालेल्या पैशाचाही वाटा मिळेल आणि त्याने परत केलेल्या पैशाचाही.

इतर देशांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. अमेरिकेच्या दिवाळखोरी संहितेत कलम 547 खाली कंपनीशी संबंध नसलेल्या धनकोंसाठी मागे पाहण्याची मुदत 90 दिवसांची आहे, आणि पैसे मिळाल्यानंतर धनकोने नवा माल किंवा नवी उधारी दिली असेल तर तेवढ्यापुरता बचाव त्याला मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या कंपनी कायद्यात चालू खात्याचा नियम आहे: माल जात राहतो, पैसे येत राहतात, शिल्लक वरखाली होत राहते, अशा नात्यातले सर्व व्यवहार एकच व्यवहार मानले जातात. त्या खात्यात लिक्विडेटरने स्वतःला सोयीची, सर्वांत मोठ्या थकबाकीची तारीख सुरुवात म्हणून निवडायची, ही तिथली जुनी रीत ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (हेच तिथले सर्वोच्च न्यायालय) फेब्रुवारी 2023 मध्ये बंद केली. आपल्या कलम 43 मध्ये "नवीन मूल्य" हे शब्द आहेत, पण ते तारणाच्या संदर्भात आहेत. माल पुरवणाऱ्याने पैसे घेऊन पुन्हा माल दिला, याला स्वतंत्र संरक्षण नाही. ते आणायला संसदेची दुरुस्ती लागेल हे मला कळते. तशी शिफारस करणे मात्र मंडळाच्या हातात आहे, आणि ती करावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुरुस्ती होईपर्यंत पुरवठादाराचा सगळा भार "नेहमीचा व्यवहारक्रम" या अपवादावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 26 फेब्रुवारी 2020 रोजी जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात, म्हणजे अनुज जैन विरुद्ध ॲक्सिस बँक या निकालात, कलम 43 चा अर्थ सविस्तर लावला. तिथे प्रश्न होता कंपनीची शेकडो एकर जमीन तिच्या पालक कंपनीच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचा. अशा व्यवहारासाठी न्यायालयाने अपवाद अरुंद केला आणि "कंपनीच्या किंवा घेणाऱ्याच्या" यातला "किंवा" हा "आणि" असा वाचला. त्या प्रकरणात ते योग्यच होते. पैसे उधार देणे हा बँकेचा रोजचा धंदा असतो म्हणून दुसऱ्याच्या कर्जापायी स्वतःची जमीन गहाण टाकणे हा कंपनीचा रोजचा धंदा ठरत नाही. पण हा नियम खोकीवाल्यापर्यंत येतो तेव्हा त्याला कंपनीच्या बाजूचा व्यवहारक्रमही दाखवावा लागतो. तो कशाच्या आधारे दाखवणार? कंपनी इतर पुरवठादारांना किती दिवसांनी पैसे देत होती, त्या महिन्यांत देण्याची पद्धत बदलली होती का, त्यालाच वेगळी वागणूक मिळाली का, हे सारे कंपनीच्या पुस्तकांत असते. ती पुस्तके आरपींच्या आणि लिक्विडेटरच्या ताब्यात असतात. ज्याच्याकडे पुरावा आहे तो मागणी करतो आणि ज्याच्याकडे नाही त्याने तो द्यायचा, अशी ही उलटी परिस्थिती आहे.

त्याच निकालात न्यायालयाने ऑस्ट्रेलियाच्या 1948 सालच्या एका निकालाचा आधार घेतला आहे. त्याचा आशय असा, की नेहमीचा व्यवहार म्हणजे धंद्याच्या सामान्य ओघात मिसळून जाणारा, ज्याबद्दल वेगळे काही बोलावे असे वाटू नये आणि जो एखाद्या खास परिस्थितीतून उद्भवलेला नाही, असा व्यवहार. मला ही कसोटी फार आवडते, कारण ती वापरायला वकील लागत नाही. नऊ वर्षांचा खातेउतारा उघडा आणि पाहा. बिलानंतर 110 ते 130 दिवसांनी पैसे येत असतील आणि शेवटच्या वर्षातही तसेच येत असतील, तर त्या ओघात बोट ठेवावे असे काय आहे? उलट एरवी चार महिन्यांनी पैसे देणारी कंपनी अचानक चार दिवसांत जुनी सगळी बाकी फेडते, किंवा धनकोऐवजी त्याच्या भावाच्या खात्यात रक्कम जाते, तिथे जरूर थांबा आणि विचारा.

उशिराचा मुद्दा निघाला आहे तर एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एका पत्रात असे लिहिले होते, की बिलांवर 45 दिवसांची मुदत असूनही पैसे चार महिन्यांनी स्वीकारले गेले, म्हणून हा नेहमीचा व्यवहार नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे मिळावेत असे 2006 चा कायदा सांगतो. तो कायदा मोडला कोणी? कंपनीने. त्या उशिराचे व्याज सोडून दिले कोणी? पुरवठादाराने, कारण व्याज मागितले तर पुढची ऑर्डर मिळत नाही. आणि आता कंपनीने वर्षानुवर्षे केलेला तोच उशीर पुरवठादाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो आहे. मोठ्या खरेदीदाराने लादलेली शिस्त किंवा बेशिस्त हीच लहान पुरवठादाराच्या आयुष्यातली "नेहमीची" गोष्ट असते. व्यवहारक्रम हा बिलावर छापलेल्या मुदतीवरून ठरवू नये, खात्यात प्रत्यक्ष जे घडत आले त्यावरून ठरवावा.

न्यायाधिकरणाने परतीचे कोणते आदेश द्यावेत हे सांगणाऱ्या कलम 44 च्या परंतुकाचा, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागाचा, उल्लेख तर कोणत्याच मागणीपत्रात नसतो. ज्याला सद्भावनेने आणि मोबदला देऊन लाभ मिळाला त्याला रक्कम भरायला लावणारा आदेश देऊ नये, असे ते परंतुक सांगते. आणि नादारी प्रक्रियेची पुरेशी माहिती असलेल्याविरुद्ध किंवा संबंधित पक्षाविरुद्ध सद्भावना नसल्याचे गृहीत धरता येते, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. या संरक्षणाची व्याप्ती किती, हे प्रत्येक प्रकरणात न्यायाधिकरण ठरवील. पण ते अस्तित्वात आहे हे ज्याच्याकडून पैसे मागितले जातात त्याला सांगणे हे सभ्यपणाचे किमान लक्षण आहे.

कलमांबद्दल आणखी एक. खोकीवाल्याच्या पत्रात कलम 43, 45, 49 आणि 66 ही सगळी एका ओळीत घातली होती. कलम 45 कमी किमतीच्या व्यवहारांचे आहे, 49 धनकोंना फसवण्यासाठी केलेल्या व्यवहारांचे, 66 कपटाने धंदा चालवण्याचे. बाजारभावाने खोकी विकणाऱ्याने यातले नेमके काय केले, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते. प्राधान्याचे, कमी किमतीचे आणि कपटाचे व्यवहार यांची चौकशी वेगवेगळी असते आणि प्रत्येकासाठी नेमकी तथ्ये मांडावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच 2020 च्या निकालात बजावले आहे. "कपट" हा शब्द वाचून त्या माणसाने दोन रात्री झोप घेतली नाही. त्याच्या बायकोने मला फोन करून विचारले, "भाऊ, यांना अटक तर होणार नाही ना?" साच्यातून काढलेल्या एका वाक्याचा घरात काय परिणाम होतो, हे ते वाक्य लिहिणाऱ्याला कळावे म्हणून हे सांगतो आहे.

आरपींचे पत्र हा आदेश नाही, हेही मला इथे स्पष्ट लिहायचे आहे, कारण पत्रांच्या भाषेवरून तसे वाटत नाही. आरपींकडे न्यायनिवाड्याचे अधिकार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 25 जानेवारी 2019 रोजी स्विस रिबन्स प्रकरणात सांगितलेच आहे. व्यवहार रद्द करण्याचा आणि रक्कम भरायला लावण्याचा अधिकार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा आहे; तिथे पुरवठादाराला म्हणणे मांडता येते, आदेश विरुद्ध गेला तर 30 दिवसांत अपील करता येते आणि त्यापुढे कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयातही जाता येते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो की पत्र कपाटात टाकू नका आणि घाबरून चेकही फाडू नका. कोणते कलम, प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख कोणती, कोणती रक्कम कोणत्या बिलाची, आणि कलम 53 च्या वाटपात मला किती मिळाले असते असे आपण धरता, एवढे लेखी विचारा. ही विचारणा करावीच लागू नये, अशी व्यवस्था मंडळाला नियमांतून सहज करता येईल. मंडळाच्या नियमांत आरपींनी अशा व्यवहारांबद्दल प्रक्रिया सुरू झाल्यापासून 75व्या दिवसापर्यंत मत बनवावे आणि 115व्या दिवसापर्यंत निष्कर्ष काढावा, असे आहेच. त्या निष्कर्षाची कारणे, आणि कंपनीच्या पुस्तकांतला त्या पुरवठादाराचा किमान दोन वर्षांचा खातेउतारा, मागणीपत्रासोबत जोडण्याचे बंधन घालावे. आरपींसाठी ही एक प्रिंट असते, पण पुरवठादाराचा अर्धा बचाव त्यात असतो.

अमेरिकेने 2019 च्या लहान व्यवसायांच्या पुनर्रचना कायद्याने याच दिशेने पाऊल टाकले. तिथे आता अशी वसुली करण्याआधी ट्रस्टीने (दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणाऱ्याने) वाजवी शहानिशा केली पाहिजे आणि समोरच्याचे जे बचाव ठाऊक आहेत किंवा सहज कळण्यासारखे आहेत ते विचारात घेतले पाहिजेत. लहान रकमांचे दावे प्रतिवादीच्या स्वतःच्या जिल्ह्यात करावेत, असाही तिथे नियम आहे. आपल्याकडे न्यायाधिकरणाचे पीठ कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते, त्यामुळे एका राज्यातला पुरवठादार दुसऱ्या राज्यातल्या पीठापुढे उभा राहतो, आणि तीन-चार लाखांच्या रकमेसाठी वकिलाची फी, प्रवास आणि बुडालेले कामाचे दिवस मोजले तर भांडण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे होणे स्वस्त पडते. कायद्याने जी रक्कम कदाचित कधीच द्यावी लागली नसती, ती माणूस केवळ अंतरामुळे देतो.

आता सर्वांत जिव्हारी लागणाऱ्या मुद्द्यावर येतो. पैसे परत केल्यावर पुरवठादाराचे मूळ येणे जिवंत झाले पाहिजे. कलम 44 न्यायाधिकरणाला तशी सोय करण्याचा अधिकार देते. पण परतीच्या मागणीचा अर्ज वर्षानुवर्षे चालतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 13 जानेवारी 2023 रोजी असा निर्णय दिला की पुनर्रचना योजना (कंपनी पुढे कोण चालवणार आणि धनकोंना किती देणार हे ठरवणारी) मंजूर झाल्यानंतरही हे अर्ज पुढे चालू राहू शकतात. आणि सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2021 रोजी घनश्याम मिश्रा प्रकरणात ठरवले आहे की योजना मंजूर झाल्यावर तिच्यात नसलेले दावे संपुष्टात येतात. हे दोन निकाल आपापल्या जागी समर्थनीय असतील. एकत्र ठेवले की काय होते ते पाहा. प्रक्रिया सुरू झाली तेव्हा पुरवठादाराने त्या 24,10,000 रुपयांचा दावा केला नव्हता, कारण ते पैसे त्याला मिळालेले होते. जे मिळाले आहे त्याचा दावा कोण करील? तीन वर्षांनी आदेश आला, पैसे परत गेले, आणि तो मूळ येणे मागायला गेला तर योजना मंजूर होऊन कंपनी नव्या मालकाकडे गेलेली. त्याचे पैसेही गेले आणि येणेही गेले.

शिवाय त्या विक्रीवर त्याने भरलेला जीएसटी, पैसे मिळाले नाहीत एवढ्या कारणाने त्याला परत मिळत नाही. कलम 53 च्या रांगेत त्याची जागा कामगार, तारण असलेले धनको, कर्मचारी, बिनतारणी वित्तीय धनको आणि सरकारी देणी यांच्याही मागे आहे, हे वेगळेच.

वसूल होणाऱ्या रकमेचे वाटप कसे होईल हे योजनेत नमूद करावे, असा नियम मंडळाने 2022 मध्ये केला. त्याच नियमात आणखी एक वाक्य घालता येईल: ज्याच्याकडून रक्कम परत घेतली जाईल त्याचे तेवढ्या रकमेचे येणे, त्याच्या वर्गातल्या इतर धनकोंना ज्या प्रमाणात मिळाले त्याच प्रमाणात, योजनेतून किंवा वसूल झालेल्या रकमेतून त्याला दिले जाईल. समानतेचे तत्त्व राबवायचे तर ते परत देणाऱ्यालाही लागू झाले पाहिजे.

व्यक्तींच्या दिवाळखोरीबद्दल थोडेच लिहितो, पण लिहिणे आवश्यक आहे. संहितेचा तिसरा भाग डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला आहे; इतर व्यक्तींसाठी 1909 आणि 1920 चे जुने नादारी कायदेच आहेत. 1920 च्या कायद्यात मागे पाहण्याची मुदत तीन महिन्यांची आहे, आणि त्या धनकोला इतरांपेक्षा वरचढ ठेवण्याच्या हेतूने पैसे दिले होते हे दाखवावे लागते. तिसऱ्या भागातल्या कलम 165 मध्येही दिवाळखोराच्या मनातली तशी इच्छा पाहिली जाते आणि परक्यांसाठी मुदत सहा महिन्यांची आहे. इंग्लंडचा 1986 चा कायदाही सहा महिने आणि इच्छा याच दोन गोष्टी धरून आहे. कंपनीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे मुदत वर्षाची आणि हेतूचा प्रश्नच नाही. तकादा लावून, चार वेळा रिसेप्शनवर बसून, माल अडवण्याचे सांगून ज्याने स्वतःचे पैसे काढले, त्याला पैसे देताना कंपनीच्या मनात त्याच्याविषयी कोणते प्रेम होते? संबंध नसलेल्या पुरवठादारांपुरता तरी हेतूचा विचार व्हावा, किंवा मुदत सहा महिन्यांवर यावी, यावर मंडळाने खुली चर्चा घडवून आणावी.

आरपी आणि लिक्विडेटर मंडळींना माझी वेगळी विनंती आहे. आपण वेळेच्या आणि धनकोंच्या दडपणाखाली काम करता, आणि अर्ज केला नाही तर का केला नाही असा ठपका येतो, हे मी जाणतो. पण संबंधित पक्षांकडे गेलेल्या मोठ्या रकमा आणि खोकीवाल्याचे 14 हप्ते एकाच तक्त्यात, एकाच भाषेत आले, की खरा गुन्हेगार गर्दीत लपतो. नऊ वर्षांचे चालू खाते, बाजारभाव, परका माणूस आणि वाढत गेलेली थकबाकी असे चित्र दिसले, तर मागणी का केली नाही याचे दोन ओळींचे टिपण फाइलला लावा. त्या टिपणाला मंडळाच्या तपासणीत संरक्षण मिळेल असे मंडळाने परिपत्रकाने सांगावे, म्हणजे ते लिहायला कोणी कचरणार नाही.

खोकीवाल्याचे उत्तर आम्ही 11 पानांत दिले. सोबत नऊ वर्षांचा खातेउतारा, 62 चलनांच्या प्रती आणि बँकेचे स्टेटमेंट जोडले. त्यानंतर मुदतीबाहेरच्या दोन रकमा तक्त्यातून वगळल्याचे एका ओळीचे पत्र आले. बाकीच्यांसाठी न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला आहे आणि तीन तारखा होऊन गेल्या आहेत. कंपनीच्या पुस्तकांतला त्याचा खातेउतारा आम्ही दोनदा लेखी मागितला. तो अजून मिळालेला नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
लहान पुरवठादारांचा एक हिशेबनीस